पाठमोरा

दादा गेल्यापासून वहिनींनी थिएटरात पाऊल टाकलं नव्हतं. पण त्यांच्या लाडक्या नटाच्या पोलीसपटाचा तिसरा भाग आला, तेव्हा मीच आग्रहाने घेऊन गेलो. पहिले दोन त्यांनी दादाबरोबर पाहिले होते. हा नट चित्रीकरण अर्ध्यावर असतानाच वारला. उरलेले प्रसंग कुणा दुसऱ्याला पाठमोरा उभा करून उरकले होते, आवाजही नकलाकाराचा.

मध्यंतरानंतर नायक खिडकीबाहेर बघतच बोलायला लागला. मागे बायको रडत होती, तरी वळेना.

"हा तो नाही," वहिनी पुटपुटल्या. "त्याचा डावा खांदा जरा उतरता होता."

एरवी शिट्ट्या मारणारी पोरंही गप्प बसली होती. मला रागच आला. माणूस गेला तर गेला म्हणावं, फोटोला हार घालावा, नाहीतर सरळ दुसरा नट घ्यावा. ही फसवाफसवी कशाला? पण तो खिडकीशी उभा होता तोवर, ओळखूनही, कुणालाच तो वळायला नको होता. मलासुद्धा.

बाहेर रिक्षाची वाट बघताना वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांचा निळा शर्ट मी तुम्हाला दिला ना, तो घालून तुम्ही सकाळी झाडांना पाणी घालता..."

मी ओशाळलो. "त्रास होतो का? नाही घालणार यापुढे."

"घाला हो," त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या. "फक्त मी दारात आले की लगेच वळू नका."