चर्चच्या बंद खोलीतलं घंगाळ

ती घटना आठवली की आजही एकटा असताना मला हसू येतं. निवृत्तीनंतर खुनाच्या, दरोड्याच्या तपासांबद्दल लोक विचारतात. मला मात्र हीच केस सांगावीशी वाटते.

सातारा जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. गावात जुनं दगडी चर्च आहे. वेदीमागच्या भिंतीला ओल येते म्हणून गिलावा काढायला आटपाडीकडचा एक गवंडी लावला होता. बाप-आजा मेंढरं राखणारे, हा गवंडीकामात शिरलेला. ठोकताना भिंत पोकळ वाजली. दगड काढले, तर आत अख्खी खोली! जुने बाक, दिवे आणि बाप्तिस्म्याचं पाणी ठेवायचं तांब्याचं मोठं घंगाळ. चर्चच्या धर्मगुरूंनी, म्हणजे पाळकसाहेबांनी ठरवलं, रविवारच्या उपासनेनंतर खोली सगळ्यांना बघायला उघडायची आणि पहिलं पाऊल गवंड्यानं टाकायचं. गड्यानं त्यासाठी गावाकडं बायकोला बोलावणं धाडलं.

शनिवारी सकाळी पाळकसाहेब घाबरेघुबरे होऊन ठाण्यात आले. घंगाळ गायब! सांगलीहून जुन्या वस्तूंचे जाणकार यायचे होते, तोवर कशालाही हात लावायचा नाही, अशी तंबी पाळकसाहेबांनी सगळ्यांना दिली होती. मी तक्रार अर्ज घेतला. थोड्या वेळात आमच्या खबऱ्याचा फोन आला. चर्चसमोर त्याची चहाची टपरी.

"साहेब, काल गवंड्यानं मोटरसायकलवरनं पोत्यात गुंडाळून काय तरी जड नेलंय. लय जपून चालला होता."

गवंड्याला चौकशीला आणलं.

"घंगाळ तू नेलंस?"

"व्हय."

हवालदारांचा चहा निवायच्या आत कबुली! मी खूश झालो.

"कुणाला विकलंस?"

"इकलं न्हाई."

"मग आहे कुठं?"

"त्ये सांगनार न्हाई. शबूद दिलाय."

"कुणाला?"

"त्ये बी न्हाई."

दटावलं, समजावलं, पुन्हा दटावलं. गडी ढिम्म. पाळकसाहेब त्याच्यासमोरच म्हणाले, "उद्या पहिलं पाऊल टाकायला हा नको." तेव्हा मात्र त्याचे डोळे भरले. "उद्या बायकू येतीया साहेब. तिला काय सांगू?" तरी तोंड उघडेना. मला भयंकर राग आला, आणि खरं सांगतो, माणूस आवडलाही.

दुपारी ठाण्याच्या फाटकाशी एक बाई डबा घेऊन घुटमळत होती. चर्चची झाडलोट करणाऱ्या मावशी. डबा कुणाला? तर गवंड्याला! ज्यांच्याकडे चोरी झाली त्यांच्याकडूनच चोराला भाकरी? असं मी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. मावशींना खुर्ची दिली.

"डबा देतो त्याला. आधी घंगाळ कुठंय ते सांगा."

झालं! मावशींना रडूच कोसळलं. "आवं साहेब, हिरवंगार पडलं हुतं वो. पावणं येनार आनि देवाच्या घरचं भांडं असलं कळकट दावायचं? मीच म्हनलं त्याला, कल्हईला दे. पाळकांनी हात लावू नका म्हनून बजावलेलं. कळलं तर मला काढून टाकतील, म्हनून शबूद घेतला."

पंच आणि पाळकसाहेबांना घेऊन मी कल्हईवाल्या चाचांचं घर गाठलं. घंगाळ आरशासारखं लखलखत होतं. काम कालच झालं होतं, मग परत का दिलं नाही? चाचींनी मलाच झापलं. "प्रार्थनेच्या जागेचं भांडं रिकामं कसं पाठवायचं? रवा संपला होता, आज आणला. शिरा करून भरलाय, बघा!"

शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आपल्याकडची रीत. चाचींनी ती चर्चलाही लावली होती.

"पंचनाम्यात शिरा घ्यायचा का, साहेब?" हवालदारांनी गंभीरपणे विचारलं.

"आधी भांडं रिकामं करा," मी म्हटलं. पंचांनी ते काम मनापासून केलं. पाळकसाहेबांनी शिरा दुसऱ्यांदा मागून घेतला आणि मावशींना तिथूनच माफ करून टाकलं. जुनेपणाची खूण असलेला हिरवा थर घालवला म्हणून सांगलीचे जाणकार पुढं आम्हा सगळ्यांवर उखडले, ते वेगळं.

ठाण्यात येऊन गवंड्याला सांगितलं, "जा, तू मोकळा." पठ्ठ्या उठेचना.

"असा कसा जाऊ? आनलं तवा पोलीस गाडीतनं, भर पेठंतनं आनलं. समद्यांनी बघितलं. आता गपचिप चालत जाऊ व्हय? गाडीतनंच सोडा. आनि म्होरं बसवा."

हवालदार फिदीफिदी हसले. मला हसता येईना. त्याचं बरोबरच होतं. संध्याकाळी बाजार भरलेला असताना त्याला पुढच्या सीटवर बसवलं, मी मागं बसलो आणि गाडी पेठेतून अगदी सावकाश नेली. दुकानांतून माणसं बाहेर आली. चर्चच्या दारात पाळकसाहेबांनी सगळ्यांदेखत त्याच्यापुढं हात जोडले, "उद्याचा मान तुमचाच."

संशयिताला आणताना आम्हा पोलिसांचा केवढा थाट असतो! सोडताना मात्र 'जा आता' एवढंच. निर्दोष माणसाला नुसतं सोडून भागत नाही, त्याचं नाव जिथं गेलं तिथं नेऊन ते परत करावं लागतं. हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं, त्या गवंड्यानं शिकवलं. पुढं निवृत्तीपर्यंत मी ते पाळलं.

रविवारी बायकोचा हात धरून त्यानं त्या खोलीत पहिलं पाऊल टाकलं. आदल्या दिवशी काय झालं ते तिला ठाऊक नव्हतं. सबंध पेठेला ठाऊक होतं, पण तिला कुणी सांगितलं नाही.