उजव्या खिशातला पाना

सखारामकाकांनी बत्तीस वर्षं मिरजोळ्याच्या एमआयडीसीत लेथ चालवला. तिथली एक सवय अंगात मुरली होती. काम सुरू असेपर्यंत पाना उजव्या खिशात, नट आवळून झाला की डाव्या. मध्येच कुणी हाक मारली, जेवणाचा भोंगा झाला, तरी खिसा चाचपला की कळायचं, काम कुठवर आलंय.

निवृत्तीनंतर ते रविवारच्या सायकल ग्रुपमध्ये आले आणि ग्रुपचं शेपूट झाले. सगळ्यांच्या मागे राहायचं, कुणाचं पंक्चर झालं तर काढायचं, आणि कुणालाही ओलांडून पुढे जायचं नाही. चार वर्षांत त्यांनी कुणाला ओलांडलं नव्हतं.

डिसेंबरातल्या त्या रविवारी चौदा जण होते. पहिला थांबा हातखंब्याला, घावणे आणि चहा. तिथे राजश्री म्हणाली, "काका, माझा पुढचा ब्रेक ढिला लागतोय." शाळेत गणित शिकवणारी राजश्री ग्रुपमध्ये दुसऱ्यांदाच आली होती. काकांनी नट सोडला, तार ओढून धरली, नट बोटांनी फिरवून बसवला. पाना लावणार तोच ग्रुपचा म्होरक्या गौरव ताटली घेऊन आला.

"गरम आहे तोवर खा. नाहीतर परत म्हणाल, शेपटाला गारच मिळतं."

काका हसले, हात पुसून खायला बसले. चढाला आपण मागे पडतो म्हणून राजश्री तेवढ्यात सगळ्यांच्या आधी निघून गेली. ते काकांना कळलंच नाही.

हायवे सोडून ते सड्याच्या पठारावर चढले तेव्हा ऊन तापलं होतं. दोन्हीकडे वाळलेलं गवत आणि काळा कातळ. घाम पुसायला रुमाल काढताना काकांचा हात पान्याला लागला.

उजव्या खिशात.

बोटांनी बसवलेला नट सपाटीला तग धरेल. पण सडा संपला की नदीपर्यंत दोन किलोमीटर उतार होता, सगळा वळणांचा, कडेला खडी. तिथे ब्रेक जोरात दाबला की तार सुटणार. काकांनी राजश्रीला फोन लावला. रेंज नव्हती.

मग त्यांनी कधी नव्हे ते जीव खाऊन पायडल मारायला सुरुवात केली. आधी निलेशला ओलांडलं.

"काय काका, शेपूट पुढे? मग आम्ही कोण?"

 मग एकेक करत बाकीचेही मागे पडले. सगळ्यांच्या पुढे गौरव दिसला. त्याची सायकल हलकी, पाय तिशीतले. त्याला सांगितलं तर तो राजश्रीला गाठणार. पण सांगायचं काय? नट आवळायचा विसरलो? बत्तीस वर्षांत काकांचा एकही जॉब चुकला म्हणून परत आला नव्हता. ते काही न बोलता त्याच्या बाजूने पुढे गेले.

पन्नास पावलांवर त्यांना स्वतःचीच लाज वाटली. ते थांबले.

"गौरव, राजश्रीला उताराआधी अडव. मी तिच्या ब्रेकचा नट ढिलाच ठेवलाय."

गौरव सुटलाच. काका मागून रेटत राहिले. लांबवर दोन ठिपके दिसले. मागचा जवळ गेला, तसा पुढचा आणखी जोरात पळू लागला. बाईला शर्यत वाटली होती. मग दोन्ही ठिपके कडेवरून खाली गेले.

काकाही कडेवरून खाली उतरले. पहिल्या वळणाच्या अलीकडे गौरव सायकल आडवी घालून उभा होता. त्याच्या पुढ्यात राजश्री, एक पाय खडीत रुतलेला, ब्रेकची तार लोंबत.

"दाबला तर नुसता आत गेला," ती म्हणाली.

"माझी चूक गो बाय. पाना लावलाच नाय मी."

त्यांनी नट आवळला, ब्रेक तीनदा दाबून बघितला, पाना डाव्या खिशात टाकला. राजश्रीने उताराकडे बघितलं.

"मी चालत येते."

 काकाही सायकल हाती धरून तिच्या मागून चालू लागले. बाकीचे एकेक करून पुढे गेले. कुणी चेष्टा केली नाही.

नदीकाठी कमळाकाकूंच्या खानावळीत पोचले तेव्हा कुळथाची पिठी निवत आली होती. राजश्री भराभर जेवली. काकांनी पहिला घास मोडला, तेवढ्यात ती सायकल घेऊन त्यांच्यासमोर आली.

"काका, परतीलाही उतार आहेत. मागचा ब्रेक बघून देता?"

"आधी जेवू दे त्यांना," गौरव म्हणाला. "गार झालंय सगळं."

"होऊ दे," काका म्हणाले, आणि हात धुवायला उठले.