आमच्या मनूचं करवलीपण

कसे आहात सगळे? पुण्याच्या सुमनताई, गुडघा आता जिना चढू देतो का? बंडूभाऊ, इंदूरची थंडी उतरली तरी तुमचा खोकला काही उतरला नसेल, काढा घेताय ना? आणि बडोद्याच्या नलू, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, तर ही पोस्ट सुनेकडून वाचून घे. मोबाईलला नाक लावून बसू नकोस...

मी मजेत आहे. परवा इथे गावातल्या लष्कर भागात आमच्या गार्गीचं लग्न झालं, माझ्या भावाच्या धाकट्या मुलीचं. सकाळी इतकं धुकं होतं की किल्ला नाहीसाच झाला होता... नुसता एक बुरूज वर तरंगत होता, खाली काहीच नाही. अजून डोळे मिटले की मी त्या धुक्यातच असते.

पण सांगायचंय ते तिच्या थोरल्या बहिणीबद्दल, मनूबद्दल. तिला विचारूनच लिहितेय.

मनूला अ‍ॅस्पर्जर्स आहे. हल्ली डॉक्टर त्याला ऑटिझमच म्हणतात. आम्हाला हे कळलं तेव्हा ती चांगली नोकरीला लागलेली होती.

आधी कळणार तरी कसं... कॉलेजात असताना ती अगदी चारचौघींसारखी वागायची. हसताना तोंडावर हात, घडीघडी ओढणी सावरणं, मान किंचित कललेली. आम्ही म्हणायचो, पोर किती छान वळणावर आली. ते सगळं तिने मैत्रिणींचं बघून बघून पाठ केलेलं होतं. घरी आली की दार लावून अंधारात पडून राहायची.

"रोल था वो, आत्या," एकदा मला म्हणाली. "बहुत थक जाती थी मैं." मग तिने तो रोल सोडला. केस कापले, सैल सुती कुर्ते-पायजमे तेवढे ठेवले.

गार्गीचं लग्न ठरलं आणि करवलीचा प्रश्न आला. पाण्याने भरलेला करा धरून नवरीच्या मागे उभी राहायची ती करवली. मनूला तो करा धरायचाच होता. वहिनी म्हणाली, धर की, पण साडी नेसून. नाहीतर मामेबहीण शिवानी उभी राहील. "घंटाभर नेसलीस तर काय झिजशील का गं?"

मला वाटलं, पोरीला कापड टोचत असेल, दुसरं काय. मी शिवण कुणाकडे शिकले नाही, उसवून उसवूनच शिकले. माझी एक चंदेरी काढली, रिठ्याच्या पाण्यात भिजवली, जरीच्या काठाला आतून मलमल लावली. दुपारभर गच्चीत उन्हाला बसून टाके घालत होते... तोंडात तीळगुळाच्या गजकचा तुकडा, मांडीवर साडी ढगासारखी. वाटलं, झालंच आपलं काम.

मनूने ती नेसली. आरशासमोर बराच वेळ उभी राहिली.

"टोचतंय का गं?"

"नाही. खूप मऊ आहे."

"मग?"

"आरशात ती जुनी मनू दिसतेय, आत्या. पाठ केलेली."

मी सुईदोरा खाली ठेवला. म्हटलं, बरं, मग तुला कसं उभं राहायचंय ते तू सांग. ती लगेच काही बोलली नाही... कधीच बोलत नाही. दुसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, याच कापडाचा कुर्ता शिव. आणि कपाळाला कुंकू, चांगलं ठसठशीत.

वहिनी तिथेच अक्षतांना कुंकू चोळत बसली होती. "बाईपण नको आणि कुंकू हवं. ये क्या बात हुई?"

"बाईपण नको असं मी कधी म्हटलं, आई? मी बाईच आहे. तुझ्यासारखी नाहीये, बस."

गार्गी मेंदीचे हात वर धरून दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "माझ्या पाठीशी ताई हवीय मला. साडी नकोय." विषय मिटला, निदान तोंडाने तरी. मी चंदेरीला कात्री लावली, तेव्हा वहिनीने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

लग्नात बँड वाजायला लागला तशी मनूने कानात कापूस घातला. अंतरपाट धरला गेला... खिडकीतून धुक्याचा फिकट उजेड येत होता, त्यात तिचा कुर्ता पाण्यासारखा दिसत होता. करा असा धरला होता की आतलं पाणीही झोपलं असेल. मला मंगलाष्टकं फार लांबून कुठूनतरी ऐकू येत होती.

अक्षता पडून झाल्या, आणि मुलाकडच्या, हजीरा मोहल्ल्यातल्या आजी पुढे आल्या. मनूकडे वाकून म्हणाल्या, "बेटा, तू लड़का है कि लड़की?" विचारण्यात खोट नव्हती, त्यांची नजरच अधू. पण वहिनीचा चेहरा खर्रकन उतरला.

मनूने नेहमीसारखा विचार केला. मग म्हणाली, "मी नवरीची करवली आहे, आजी."

"अच्छा. तो फिर करवलीची ओटी राहिली ना." आजींनी नारळ घेतला, तांदळाची ओंजळ भरली आणि तशाच थांबल्या. ओटी घ्यायची पदरात, आणि कुर्त्याला पदर कुठला... मनू इकडेतिकडे बघायला लागली.

तेवढ्यात वहिनी आली. आपल्या पैठणीचा पदर तिने मनूच्या पुढ्यात पसरला. "घाला आजी, यात घाला."

करा माझ्या हातात देऊन मनूने पदराचं एक टोक धरलं. तांदूळ पडले. ती हळूच म्हणाली, "आई, तुझी जर टोचतेय."

"मला नाही टोचत. धर गप."

इतकी लग्नं पाहिली, पण एका ओटीला दोघी लागलेल्या पहिल्यांदाच पाहिल्या. हे बघायला देवाने डोळे धड ठेवले, त्याचे उपकार.

तुमच्या घरात, शेजारात अशी कुणी मनू असेल तर तिला कसं राहायला आवडतं ते एकदा विचारा, आणि उत्तराला वेळ द्या. मग मलाही कळवा. लवकर लिहा हं... मी चष्मा लावूनच बसलेय.