लोहाराचे तीन खिळे

ज्यूरीची यादी कोर्टाच्या दारावर लावायची, हा आमच्याकडचा रिवाज. मी कोर्टाचा कारकून. त्या सोमवारी सकाळी मी यादी लावली आणि तिच्यामागे चिकटलेला साक्षीदाराचा कागदही न बघता लावून मोकळा झालो. त्यावर एकच नाव होतं: आयझम रड, लोहार. गुलामी जाऊन सहा वर्षं झाली होती, पण मिसिसिपीत बुरखेवाले स्वार अजून काळ्यांची घरं जाळत होते. त्यांच्याविरुद्ध बोलायला हा एकटा तयार झाला होता, म्हणून शपथ होईपर्यंत नाव गुप्त ठेवायचं होतं. अर्ध्या तासात ते गावभर झालं.

मी खाणावळीकडे धावलो. जज्ज किंब्रो मक्याची कांजी खात एकटेच बसले होते. वीस वर्षं त्यांनी याच गावात बांधावरून भांडणाऱ्यांची वकिली केली, तेव्हा दर रविवारी कुणीतरी त्यांना कोंबडी खायला बोलवायचं. वॉशिंग्टनहून जन्मभरासाठी नेमणूक आली, त्यांनी बुरखेवाल्यांचे खटले बोर्डावर घेतले, आणि कोंबडी बंद झाली.

"साहेब, माझ्याकडून एक चूक झाली."

"एकच? मग प्रगती आहे." पुढचं ऐकून त्यांनी चमचा ठेवला. "बग्गी काढ."

घोड्याचा मागचा नाल हलत होता, त्यामुळे लोहाराकडे जायला निमित्त आयतंच मिळालं. आयझमने खूर मांडीवर घेतला. समोरच्या दुकानाच्या ओट्यावर चौघे तंबाखू चघळत होते. त्या ओट्यावर गप्प बसलेली माणसं मी प्रथमच पाहिली.

"मिस्टर रड, साक्ष आत्ताच घेतो. चालेल?" जज्ज हळूच म्हणाले. त्याला मिस्टर म्हणणारा गोरा माणूस गावात हा एकच.

"पाच खिळे झालेत, जज्जसाहेब. तीन राहिलेत."

"राहू देत. बायकोलाही घ्या. साक्ष झाली की अकराची गाडी आहे."

खटला कुणावर भरायचा हे ठरवणाऱ्या ज्यूरीसमोर आयझम शांतपणे बोलला. "तोंडं झाकलेली होती. घोड्यांचे पाय उघडेच होते. ते नाल माझ्याच हातचे." जळालेल्या घरापुढच्या चिखलातल्या खुणांवरून त्याने पाच घोडे सांगितले, मालकांसकट. चौथं नाव टर्नी हवालदाराचं निघालं. साक्षीदाराच्या रक्षणाला नेमलेला तोच, दाराशी उभा होता. तो हसला.

मग जज्जांनी स्वतः लगाम धरला, नवराबायकोला स्टेशनवर नेलं आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत फलाटावर उभे राहिले.

ज्यूरीने पाचांपैकी दोघांवरच खटला उभा केला. टर्नी सुटला. जज्जांच्या नेमणुकीबद्दल बोलताना लोक आता 'जन्मभर' या शब्दावर जरा जोर देतात. गावातल्या दुसऱ्या लोहाराकडे त्यांच्या घोड्यापुरते खिळे कधीच नसतात. कॅन्सासहून आयझमचं पत्र आलं: तो आणि बायको सुखरूप आहेत, तीन खिळ्यांचं देणं मात्र राहिलंय, येऊन ठोकून देतो. जज्जांनी माझ्याकडून उत्तर लिहवून घेतलं: येऊ नका.

तेव्हापासून आम्ही कोर्टात पायीच जातो. मागून टापा येतात, सावकाश, आमच्याच चालीने. जज्ज मान वळवत नाहीत.

"आज किती?"

"दोन, साहेब."

"काल तीन होते. एकाला सर्दी झाली असेल."