कशेडी टाळून

भाईंदरच्या इंद्रलोकमधल्या त्या बिल्डिंगीत रहाट्यांच्या वासंतीकाकू कशाला घाबरतात असं विचारलं, तर शेंबडं पोरही सांगेल, कशेडी घाटाला. बाकी त्या पालीला घाबरत नसत, पाण्याच्या टँकरवाल्याला नाही, भाजीवाल्यांना तर नाहीच. उलट त्या येताना दिसल्या की भाजीवालाच तराजू सरळ धरायचा. पण कशेडीचं नाव निघालं की बाई गप्प होते, असं सगळ्यांचं ठाम मत. गप्प व्हायच्या त्या, हेही खरं. पण गप्प बसणाऱ्याचा अर्थ लोक आपापल्या सोयीने लावतात, आणि काकूंचा अर्थ त्यांच्या घरच्यांनी एकदा लावून टाकला तो कायमचा.

गोष्ट दोन हजार सातच्या मे महिन्यातली. गाव संगमेश्वर तालुक्यात. मीरा-भाईंदरहून तिकडे जायचा सरळ रस्ता म्हणजे गोवा हायवे. पेण, माणगाव, महाड, पोलादपूर, मग कशेडी, आणि घाट उतरला की खेड, चिपळूण. रहाट्यांची गाडी मात्र पुण्याला जायची. तिथून कराड, मलकापूर, आणि शेवटी आंबा घाट उतरून गावात. शंभरेक किलोमीटरचा जास्तीचा द्राविडी प्राणायाम. आणि गंमत बघा, एक घाट चुकवायला दुसरे घाट, खंडाळा काय नि आंबा काय. पण "आईला सोसत नाही" म्हटल्यावर पुढे कोण काय बोलणार?

हे वाक्य मुलाचं, नीरजचं. अंधेरीला कुरियर कंपनीच्या ऑफिसात होता. त्याने सेकंडहँड वॅगनार घेतली तेव्हा पहिल्यांदा ते बोलला, आणि तेव्हापासून दर मे महिन्यात सून संपदा ते दुसऱ्यांना सांगायची. समोरच्या फ्लॅटमधले गुणवंतभाई यायचे, चहा घ्यायचे आणि सल्ला द्यायचे, "मेरेको पूछो तो नीरजभाई, एक्स्प्रेस वे पकडो. मक्खन जैसा है. कोकण का रोड मतलब हड्डी का डॉक्टर." मग हळूच काकूंकडे बघून आवाज खाली आणायचे. "और काकी को भी ठीक रहेगा." काकू ट्रे उचलून आत जायच्या.

आता कशेडीत काय झालं होतं ते सांगतो. काकूंचे यजमान, हरिश्चंद्र रहाटे, फोर्टला एका ऑफिसात शिपाई होते. नव्याण्णव साली गौरी-गणपती करून ते आणि नीरज जीपने मुंबईला परत निघाले. काकू सासूपाशी गावीच राहिल्या होत्या. घाटात पाऊस, धुकं, समोरून ट्रक. हरिश्चंद्र पुढे बसले होते, ते गेले. मागे बसलेल्या नीरजच्या भुवईवर तीन टाके पडले, बाकी काही नाही. हरिश्चंद्रांना गावीच आणलं, तिथेच सगळं झालं, आणि काकूंना नंतर कोकण रेल्वेने मीरा रोडला आणलं गेलं. त्या दिवसाबद्दल नीरज आईशी आजवर एकच वाक्य बोलला होता. "मी झोपलो होतो." काकूंनी पुढे विचारलं नाही. त्यालाही ते बरंच वाटलं असावं.

पण या सगळ्यात एक गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. वासंतीकाकूंनी कशेडी घाट कधी पाहिलाच नव्हता.

लग्न झाल्यापासून तीस वर्षं त्या घाटातून गेल्या, लाल एसटीने, दरसाल, कधी दोनदा. पण काकूंना गाडी लागायची, आणि ती अशी लागायची की अख्ख्या एसटीला कळावं. पहिल्याच प्रवासात पोलादपूर सोडल्यावर नवऱ्याने खिशातून लिंबू काढून हातात दिलं आणि म्हणाला, "डोळे मीट. लिंबाचा वास घे. घाट संपला की मी सांगतो." नवी नवरी ती, तिने मिटले. वळणं पोटात कळायची, ड्रायव्हरचा हॉर्न कळायचा, शेजारी त्याच्या सदऱ्याला येणारा साबणाचा वास कळायचा. मग तो म्हणायचा, "वासंती, संपला घाट." डोळे उघडले की समोर सपाट रस्ता. तीस वर्षांत त्याने एकदाही लवकर सांगितलं नाही की उशिरा सांगितलं नाही. एरवी माणूस तसा वेंधळा. दूध आणायला जायचा आणि पेपर घेऊन यायचा. पण घाटाच्या बाबतीत अगदी चोख.

तर ज्या जागी आपला माणूस गेला ती जागा काकूंनी डोळ्यांनी बघितलेली नव्हती. आणि त्यांना ती बघायची होती. बस, एवढंच. भीती नाही, काही नाही. एकदा त्या वळणावर गाडी थांबवायची, घाटाच्या राखणदाराला नारळ ठेवायचा आणि बघायचं, की डोंगर कुठल्या बाजूला आहे, दरी कुठे आहे, झाडं कसली आहेत. त्यांनी मनात हे इतकी वर्षं घोळवलं, पण बोलायची सोय कुठे होती? पोरगा आपल्यासाठी पेट्रोल जाळून वळसा घालतो, सून कौतुकाने चार लोकांत सांगते. त्यांना तोंडावर कसं म्हणायचं की बाबांनो, मला हे नकोच होतं? त्यांच्या मायेचं ओझं काकू निमूट वाहत राहिल्या.

घरात हरिश्चंद्रांचं नावही निघत नसे. तेही काकूंसाठीच. इंद्रलोकचा फ्लॅट त्यांच्या पश्चात घेतलेला, त्यामुळे या घरात त्यांची खुर्ची नाही, खुंटी नाही, एक हार घातलेला फोटो तेवढा. पूर्वीच्या मीरा रोडच्या खोलीत निदान त्यांनी वाकडा ठोकलेला एक खिळा होता. काकू दुपारी एकट्या असल्या की टीव्ही चालू करून आवाज बंद करायच्या आणि बसून राहायच्या. माणसं घरात चार, पण ज्याच्याबद्दल बोलावं त्याच्याबद्दल बोलायला एकही नाही.

गाडीने पुण्याकडून गेले त्या पहिल्या वर्षीची गोष्ट. आंबा घाट सुरू झाला तसे काकूंनी सवयीने डोळे मिटले. वळणं आली, गेली. मग वळणं थांबली. काकू डोळे मिटूनच बसल्या. कुणी काही सांगेना. त्यांना कळत होतं की घाट संपला असणार, पण कुणी सांगितल्याशिवाय डोळे उघडायची सवयच नव्हती. शेवटी गाडी थांबली, दारं वाजली, आणि संपदा हळू आवाजात म्हणाली, "झोपू दे त्यांना, दमल्यात." काकूंनी डोळे उघडले तेव्हा सगळे टपरीवर चहा पीत उभे होते. त्या दिवशी त्यांना जे वाटलं ते तेराव्यालाही वाटलं नव्हतं. आपला माणूस आता खरंच नाही, हे त्यांना तिथे गाडीत बसून कळलं.

तर दोन हजार सातच्या मे महिन्यात नीरजने डायनिंग टेबलावर नकाशा पसरला. नात नेहा पाचवीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. तिने बोट ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, हा रोड तर सरळ जातोय. आपण असं गोल का जातो?"

संपदाने डोळे वटारले. ती नजर आधी नेहाकडे गेली, मग आजीकडे, मग पुन्हा नेहाकडे. पोरगी समजली आणि ओठ आवळून बसली. आता ही चिमुरडीपण गप्प बसायला शिकणार, काकूंच्या मनात आलं.

"मला चालेल कशेडीतून," काकू म्हणाल्या.

नीरजने मान वर केली नाही. "नको आई. रस्ता खराब आहे तो."

"असू दे खराब. मला घाट बघायचाय."

"बघायला काय आहे त्यात?"

"ते बघितल्यावर कळेल ना."

नीरज उठून बाल्कनीत गेला. संपदा म्हणाली, "आई, उगाच मनाला त्रास कशाला करून घेताय?" काकू म्हणाल्या की त्रास होणार नाही. त्यानंतर दोन दिवस घरात प्रत्येक जण एकमेकांशी भाजी-आमटीबद्दलच बोलत होता. तिसऱ्या दिवशी नीरज बूट काढता काढता म्हणाला, "बरं, जाऊ गोवा हायवेने." काकूंनी त्या रात्री फोटोचा हार बदलला.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी बाजारातून चांगला, पाण्याने भरलेला नारळ आणला. गुणवंतभाई जिन्यात भेटले आणि हसायला लागले. "काकी, कोकण में नारियल लेके जाती है?" काकूही हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या. एक लिंबूही घेतलं, पिवळंधमक.

पहाटे निघाले. घोडबंदर, ठाणे, पनवेल. काकूंना गाडी लागते म्हणून त्यांना पुढे बसवलं होतं, मागे संपदा आणि नेहा. पळस्प्याच्या फाट्याच्या थोडं अलीकडे चहाला थांबले. फाट्यावर उजवीकडे गोवा, डावीकडे पुणे. चहा झाला, वडे झाले, पण नीरज काही निघेना. त्याने टायर बघितले. काच पुसली. पुन्हा टायर बघितले. बाटलीतलं पाणी प्यायला, उरलेलं तोंडावर मारलं.

"चला ना आता," संपदा मागून म्हणाली. "ऊन होईल."

तो गाडीत बसला. चावी फिरवली. फाटा दिसायला लागला तसं काकूंचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. गिअरवरचा हात थरथरत होता. एसी चालू असून शर्टाची कॉलर भिजली होती, आणि भुवईवरची ती जुनी खूण लाल झाली होती. तो समोर बघत होता, पण त्याला रस्ता दिसत होता की नाही कोण जाणे.

मग काकूंना सगळं समजलं. आधी राग आला, खरं सांगायचं तर फार राग आला. घाबरत होतास तू, आणि एवढी वर्षं नाव माझं पुढे केलंस? नवस तुझा आणि फेडणार कोण तर मी? माझा घाट तू तुझ्या भीतीपायी माझ्यापासून लांब ठेवलास? त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तो हात काही थांबत नव्हता. या पोराला त्या दिवशी जाग आली ती कशात आली असेल, हे त्यांनी आजवर कधी मनात आणलंच नव्हतं. आपल्या दुःखाला आपण एकटीच धनीण समजत होतो, असं त्यांना वाटलं, आणि लाज वाटली.

त्यांनी मांडीवरच्या पिशवीवरून हात फिरवला. आत नारळ होता. आज नाही तर कधीच नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"नीरज," त्या जरा मोठ्याने म्हणाल्या, मागे ऐकू जाईल असं. "नको रे बाबा. माझ्याच्याने नाही व्हायचं. पुण्यावरनं घे."

मागून संपदाचा सुस्कारा आला. "मी सांगत नव्हते? उगाच हट्ट."

"हो ग बाई, चुकलंच माझं," काकू म्हणाल्या.

नीरजने आईकडे बघितलं नाही. डावीकडचा इंडिकेटर लावला. बऱ्याच वेळाने गिअरवरचा हात स्थिर झाला.

कराडला जेवले. संपदाने सासूला दहीभात आग्रहाने वाढला, आजाऱ्याला वाढतात तसा. नेहा थोडी रुसली होती, तिला नकाशातल्या त्या सरळ रेघेवरून जायचं होतं. मलकापूर मागे पडलं, ऊन उतरलं, आणि आंबा घाट सुरू झाला. मागे दोघी माना टाकून झोपल्या होत्या. काकूंनी लिंबू नाकाशी धरलं आणि डोळे मिटले. आता कुणी काही सांगणार नाही, आपणच कधीतरी उघडायचे, हे त्यांनी या चार वर्षांत शिकून घेतलं होतं.

वळणं येत होती. पोटात कळत होती. गाडी आज हळू चालली होती, एसटीपेक्षाही हळू.

"आई," नीरज म्हणाला. आवाज जेमतेम निघाला. "संपला घाट."

लहानपणी एसटीत तो आई-वडिलांच्या मांडीवर बसून जायचा. ऐकलं असणार. काकूंनी डोळे उघडले.

घाट संपला नव्हता. समोर अजून वळणं होती, चांगली मोठी, आणि त्यांच्या बाजूला सरळ खाली दरी. बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार, नेमकं कधी सांगायचं ते. त्याला वाटलं असेल, सांगायचं म्हणजे सांगून टाकायचं. पण काकूंनी डोळे मिटले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी घाट बघितला. तो कशेडी नव्हता. पण दरी अशी असते, डोंगर असा अंगावर येतो, आणि कडेला करवंदीच्या जाळ्या असतात, हे त्यांना कळलं. तिथेही असंच असेल.

"संपला ना?" नीरजने विचारलं. त्याचे डोळे भरले होते.

"हो, संपला," काकू म्हणाल्या. "तू पुढे बघ."