राखणदाराची उंची

घर हे राहण्यासाठी नसून बघण्यासाठी असतं, असं मनापासून मानणारा एकच प्राणी मी आजवर पाहिला आणि तो नेमका माझ्या बहिणीच्या पोटी जन्माला आला. ही माझी भाची पुण्यात आर्किटेक्चर शिकते. गोव्यात मांद्र्यातलं आमचं घर वडिलांनी पणजीच्या एका आर्किटेक्टकडून बांधून घेतलेलं: सपाट स्लॅब, उघडंबोडकं काँक्रीट, आणि मधोमध आरपार मोकळी जागा सोडून घराचे चक्क दोन तुकडे. पावसाळ्यात झोपायच्या खोलीतून स्वयंपाकघरात जायला आम्ही छत्री घेतो. गाव या घराला आजवर हसत आला. भाचीने मात्र अभ्यासासाठी हेच घर निवडलं आणि टेप, कॅमेरा घेऊन मे महिन्यात दारात येऊन ठाकली.

आल्या दिवशीच तिने कॅलेंडरं उतरवली, कारण म्हणे त्यांनी भिंतीचा प्रामाणिकपणा झाकला जात होता. प्लास्टिकच्या खुर्च्या तिच्या डोळ्यांत खुपत, त्यामुळे आमच्याकडे येणारी भली माणसं महिनाभर जमिनीवर बसली. ती स्वतः दिवाणखान्यात उताणी पडून तासन्‌तास स्लॅबकडे बघत राही. पाव घेऊन आलेला पोदेर खिडकीतून ते पाहून, "बाय बरी आसा मगो?" असं हळूच विचारून गेला. मधल्या जागेतले कपडे तर तिने फोटोसाठी दोरीसकट काढायला लावले. "मामी, ही रिकामी जागा म्हणजे घराचा श्वास आहे."

"श्वास आसूं दी गो," माझी बायको म्हणाली, "पण कपडे खंय सुकत घालू?"

नेमक्या त्या श्वासाच्या जागी मी पर्यटकांसाठी दोन खोल्या काढणार होतो. गवंडी ठरला होता, दिवाळीनंतर काम सुरू व्हायचं होतं. हे कळल्यावर पोरगी जेवेना. "मामा, आर्किटेक्टचा सगळा विचारच तुम्ही बुजवताय." शेवटी वैतागून मी खरं ते सांगून टाकलं. विचार कसला डोंबलाचा? तिथून गावच्या राखणदाराची, म्हणजे रात्री काठी घेऊन गावाची राखण करत फिरणाऱ्या देवाची वाट जाते. ती अडवायची नाही, म्हणून वडिलांनीच आर्किटेक्टला घर मधून तोडायला लावलं आणि तो बिचारा शेवटपर्यंत कुरकुरत राहिला. आता जिथे रात्रभर भाड्याच्या स्कूटरी भुंकतात, तिथे राखणदार तरी कशाला येतोय?

तिच्या प्रबंधाचं सगळ्यात मोठं प्रकरण जागच्या जागी कोसळलं. मला जरा बरंही वाटलं, खोटं कशाला बोला. पण सकाळी बघतो तर ती नकाशात त्या जागेतून तुटक रेघ ओढत बसलेली. मान वर न करता तिने विचारलं, "मामी, राखणदाराची उंची किती धरू?"

"काठयेसकट सांगू काय काठी सोडून?" बायकोने तितक्याच गंभीरपणे विचारलं.

पुण्यात परीक्षकांनी ती रेघ पुसायला सांगितली. "ज्याच्यासाठी घराचे दोन भाग झाले, त्यालाच घरातून कसं काढू?" असं उलट विचारून ही बया नापास होऊन बसली. बहिणीने फोनवर रडत सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी गवंड्याला येऊ नको म्हणून कळवलं. त्याने कारण विचारलं तेव्हा राखणदाराचं नाव पुढे केलं. विशीतल्या पोरीपुढे हात टेकले, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

ती पुण्याला परीक्षा पुन्हा द्यायच्या तयारीत आहे, इकडे फिरकत नाही. संध्याकाळी त्या मोकळ्या जागेत उभं राहिलं की समुद्राचा वारा अंगावरून सरळ पलीकडे जातो. अशा वेळी तिची फार आठवण येते.