श्रावण धरायचा नाही

दारू सोडायला मी जो मुहूर्त निवडला, त्याच्याइतका मूर्ख मुहूर्त अख्ख्या पंचांगात सापडणार नाही. मी श्रावणाच्या पहिल्या दिवशी सोडली.

त्याचं असं झालं. आषाढ संपताना गटारीला आम्ही सगळे मित्र मळ्यात बसलो आणि जे व्हायचं ते झालं. तपशिलात शिरत नाही, कारण मला तो आठवत नाही आणि बायकोला सगळाच आठवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पिशवी भरली, माझ्या आईच्या पाया पडली आणि रावेरहून थेट पिंपळनेरला भावाकडे निघून गेली. एरवी ती जाताना दार आपटते. त्या दिवशी तिने ते हळूच लोटून घेतलं, म्हणून मी घाबरलो. मुलगा पुण्याला नोकरीला. घरात मी आणि आई. मी तिथल्या तिथे ठरवलं की आता बास.

जळगावला जाऊन डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी गोळ्या दिल्या, खायला-प्यायला सांगितलं आणि एकटं राहू नका म्हणाले. एकटं राहण्याचा प्रश्नच नव्हता, कारण अख्खं गाव माझ्यासोबत दारू सोडून बसलं होतं. आमच्याकडे पट्टीचा पिणारासुद्धा श्रावण पाळतो. दाढी वाढवतो, सोमवार धरतो, अंड्याच्या गाडीकडे बघतही नाही. माझे मळ्यातले सगळे सोबती चहाच्या टपरीवर दाढ्या खाजवत बसलेले असायचे. त्यांच्यात मीही दाढी खाजवत बसायचो. माझ्या मनात केवढी उलथापालथ चालली आहे हे कुणाला दिसणार? त्यांच्या आणि माझ्या दाढीत काही फरक नव्हता.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. हात थरथरायचे, झोप यायची नाही, आणि गोड खायची अशी वखवख सुटली की आईने गुळाचा डबा फडताळात वर ठेवून दिला. मी केळीच्या गाड्या भरून घेण्याच्या कामावर आहे. श्रावणात उपवासामुळे केळीला मागणी, त्यामुळे दिवस जायचा. पण गाडी सुटली की संध्याकाळ सुरू व्हायची, आणि संध्याकाळ एवढी लांब असते हे मला पन्नाशी जवळ आली तरी कुणी सांगितलं नव्हतं. मी पाण्याची टाकी घासली. माळ्यावरचे डबे उतरवून पुसले. आईच्या हातातलं सूप घेऊन डाळ निवडायला लागलो, तेव्हा ती म्हणाली की याच्यापेक्षा तू पीत होतास तेव्हा माझं काम तरी लवकर व्हायचं.

एवढं सगळं केल्यावर माणसाला वाटतं, कुणीतरी शाब्बास म्हणावं. मी मोठ्या तोऱ्यात बायकोला फोन लावला आणि सांगितलं की मी सोडली आहे, तू ये. ती तिच्या माहेरच्या बोलीत म्हणाली, "सावनमा त बठ्ठाच सोडतस. सावन धराना नही."

म्हणजे श्रावणात सगळेच सोडतात, तो धरायचा नाही. पोळा होऊ द्या, मग बघू, असं म्हणून तिने फोन ठेवला. मला इतका राग आला की मी गुळाचा डबा काढून बसलो. अरे, ज्याला पोळ्याला पुन्हा प्यायची आहे त्याचा उपवास आणि माझा उपवास एकाच तराजूत? पण रागाच्या तळाशी मला कळत होतं की तिचं चुकलेलं नाही. दर श्रावणात मी असाच सोवळा असायचो आणि दर पोळ्याला माझं सोवळं सुटायचं. इतकी वर्षं तिने ते पाहिलं होतं. ती या वेळी खरंच परत आली नाही तर, हा विचार आला की मी पुन्हा टाकी घासायला घ्यायचो.

पोळ्याला श्रावण संपतो. दुसऱ्या दिवशी पोळ्याची कर. त्या दिवशी घरोघर मटण शिजतं, आणि महिनाभर कोरडी राहिलेली मंडळी मळ्यात जाऊन महिन्याची भरपाई एका दिवसात करतात. आमच्यातल्या म्होरक्याने दोन आठवडे आधीपासूनच बेत आखला होता. माझ्याकडे नेहमीप्रमाणे शेव-कांदा कालवायचं काम. ते मी फार छान करतो, अशी माझी ख्याती आहे. पंचवीस वर्षांत मी मिळवलेली तेवढीच एक.

मी एक युक्ती केली. पोळ्याच्या दिवशी सगळ्यांनी दाढ्या काढल्या, मी ठेवली. वाटलं, दाढी आहे तोवर लोक समजतील याचं काही व्रत बाकी आहे. बैलांच्या मिरवणुकीत म्होरक्याने माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाला, "काढ नाही तं ठेव. उद्या दाढीसगट उचलून नेतो तुले."

आईने ते ऐकलं. घरी आल्यावर तिने माझ्यापुढे पुरणपोळीचं ताट ठेवलं आणि एकच वाक्य बोलली. "घरी राह्यला तं हे नेतीनच तुले, तू सकाळीच निंघ."

कुठे जायचं याचा मी नीट विचार केला, आणि माझ्या दृष्टीने फार हुशारीचा निर्णय घेतला. ज्या घरात माझ्या पिण्याला सगळ्यात जास्त शिव्या पडल्या, त्या घरात मला कुणी पाजणार नाही. ते घर म्हणजे सासुरवाडी. मेव्हण्याने मला फोनवर काय काय सुनावलं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याच्या ओसरीवर जाऊन बसायचं, कर काढायची, आणि जमलं तर बायकोला घेऊन यायचं.

उजाडता निघालो. रावेर ते जळगाव, जळगाव ते धुळे, धुळ्याहून पिंपळनेर. या रस्त्यावरची गावं मला देवळांवरून किंवा शाळांवरून ओळखता येत नाहीत. मला ती दुकानांवरून माहीत आहेत. त्या दिवशी प्रत्येक ओळखीच्या दुकानापुढे ताज्या दाढ्या केलेले पुरुष उभे होते. त्यांचे चेहरे इतके प्रसन्न होते की मला भरून आलं. धुळ्याला गाडी बदलताना मी एका पाठोपाठ तीन ग्लास उसाचा रस प्यायलो. रसवाल्याने विचारलं, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, फार बरं वाटतंय. मला अजिबात बरं वाटत नव्हतं.

पिंपळनेरला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. दारात बायको उभी होती. तिने आधी माझे डोळे पाहिले, मग दाढी, मग पुन्हा डोळे, आणि पाण्याचा तांब्या दिला. मेव्हणा बाहेर आला. आता याच्या शिव्या ऐकायच्या म्हणून मी मान खाली घातली. पण माझ्या लक्षात एक गोष्ट राहिली नव्हती. फोनवर मी बेवडा असलो तरी त्याच्या दारात मी जावई होतो.

आणि श्रावण संपल्यावर दारात आलेल्या जावयाला कोरडा ठेवला तर गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही. मेव्हण्याने मला हाताला धरून खाटेवर बसवलं. आत मटणाला मसाला वाटायला सांगितला. स्वतः गाडीवर बसून गेला आणि परत आला तो कागदात गुंडाळलेली बाटली घेऊन. ज्या माणसाने महिन्यापूर्वी माझे पाय मोडायची भाषा केली होती, तो स्वतःच्या हाताने काचेचा ग्लास पुसत होता.

"ल्या दाजी, आते त सावन बी सरना," तो म्हणाला आणि त्याने ओतली.

वास आला. एक महिन्यानंतरचा तो वास. खोटं कशाला सांगू, माझा हात उठला होता. स्वयंपाकघरातला पाट्यावरचा आवाज थांबला होता आणि दारात बायकोच्या लुगड्याचा काठ दिसत होता. महिनाभर मी टपरीवर सोमवार आहे, श्रावण आहे असं म्हणून सुटत आलो होतो. आज सोमवार नव्हता, श्रावणही नव्हता. फोनवर बायकोला सांगणं वेगळं, पण समोरासमोर पहिल्यांदाच मला ते शब्द तोंडाने म्हणावे लागले.

"मी सोडली, भाऊ."

मेव्हण्याला आधी हसू आलं, मग राग आला. आमच्या घरचं चालत नाही का, असं त्याने विचारलं. मग थोडा नरमला आणि त्याने विचारलं, कधीपासून सोडली?

आता काय सांगणार? श्रावण धरायचा नाही, हा हुकूम देणारी बाई चार हातांवर उभी होती. तिच्यासमोर श्रावण मोजायची माझी हिंमत झाली नाही. मी म्हटलं, "आजपासून."

मेव्हण्याला जबर आनंद झाला. आजपासूनच ना, मग आजची घ्या आणि उद्यापासून सोडा, एका दिवसाने काय बिघडतं, असं म्हणत त्याने ग्लास माझ्या हाताजवळ सरकवला. त्याच्या बोलण्यात काही खोट काढता येत नव्हती. मी ग्लासाकडे बघत बसलो.

तेवढ्यात बायको बाहेर आली. तिच्या हाताला मसाला लागला होता. तिने ग्लास उचलला, मोरीत ओतला, विसळून पुन्हा माझ्यापुढे आणला आणि त्यात पाणी भरलं.

"भाऊ, त्या पेत नहीत," ती म्हणाली. "महिना व्हई गया त्यास्ले."

मला सोडून महिना झाला, असं ती म्हणत होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मेव्हणा बाटलीला बूच लावत होता आणि त्याला ते नीट लागत नव्हतं. मी ते पाणी सगळं प्यायलो. ती आत गेली, पाट्याचा आवाज पुन्हा सुरू झाला, आणि थोड्या वेळाने आतूनच तिने भावाला उद्या सकाळच्या धुळ्याच्या गाडीची वेळ विचारली, "सकायनी धुयानी गाडी कितला वाजता शे?"